सायकलची ट्यूब आणि पंक्चर

सायकलची ट्यूब म्हणजे सायकलच्या टायरच्या आत बसणारी आणि दाबाखालील हवा धरून ठेवणारी रबरी वर्तुळाकार नळी होय. सायकल व तिच्यावरील ओझे यांचा भार प्रत्यक्षात या नळीतील हवा पेलते. टायर त्या हवेला आकार देतो आणि रस्त्याच्या घर्षणापासून नळीचे रक्षण करतो. ट्यूबला छिद्र पडून हवा निघून जाणे यास पंक्चर असे म्हणतात, तर ते दुरुस्त करण्याच्या क्रियेस मराठीत ‘पंक्चर काढणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे.

प्रस्तुत लेखात ट्यूबची रचना, निवड, खरेदी व दुरुस्ती यांचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्याच्या (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) संदर्भात केला आहे. काटेरी वनस्पती, कडक उन्हाळा आणि वाडी-वस्तीवरून शाळेला सायकलने जाणारी मुले यांमुळे या जिल्ह्यात ट्यूब ही किरकोळ किमतीची, परंतु दैनंदिन जीवनात महत्त्वाची वस्तू ठरते.

इतिहास

चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापवून रबर टिकाऊ करण्याची क्रिया (व्हल्कनीकरण) शोधून काढली. त्यामुळे उन्हाने न वितळणारे आणि थंडीने न तडकणारे रबर उपलब्ध झाले. स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले होते. परंतु त्या काळी सायकलचा प्रसार झालेला नसल्याने ते मागे पडले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. थॉमसनचे पेटंट आधीचे असल्याने डनलॉपचे पेटंट नंतर रद्द ठरले. मात्र टायरचा व्यापारी प्रसार त्याच्याच नावाने झाला.

आरंभीचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झाल्यास टायर सोडवणे, दुरुस्त करणे व पुन्हा चिकटवून वाळवणे यांत कित्येक तास जात. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी रिमवरून सहज काढता येणारा टायर आणला. रस्त्याच्या कडेला अल्पावधीत पंक्चर काढणे शक्य झाले ते या सुधारणेमुळेच. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्युटिल या कृत्रिम रबराचा शोध लागला. नैसर्गिक रबराच्या तुलनेत ब्युटिलमधून हवा फारच सावकाश झिरपत असल्याने पुढे बहुतेक ट्यूब या रबराच्या बनू लागल्या.

भारतात पश्चिम बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात पंजाबातील लुधियाना हे शहर सायकल व सायकलीचे सुटे भाग यांच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र बनले.

रचना व निर्मिती

रबराचे मिश्रण यंत्रातून दाबून लांब नळी काढली जाते. ती योग्य लांबीला कापून तिला व्हॉल्व्ह बसवतात, दोन्ही टोके जोडतात आणि उष्णता व दाब देऊन रबर पक्के करतात. त्यामुळे कोणत्याही ट्यूबमध्ये तीन नाजूक जागा असतात: टोकांचा जोड, व्हॉल्व्हचा बुंधा आणि जेथे रबर असमान पातळ राहिले असेल ती जागा. हलक्या प्रतीच्या ट्यूब बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणी फुटतात.

सायकलीच्या रबरी ट्यूबसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आय.एस. २४१५’ हे मानक आहे.

व्हॉल्व्हचे प्रकार

भारतातील पारंपरिक काळ्या सायकलींना डनलॉप अथवा वुड्स नावाचा व्हॉल्व्ह असतो. यातील धातूच्या बारीक नळीला बाजूने छिद्र असते व त्यावर रबराची पातळ नळी चढवलेली असते. ही पातळ नळी ‘व्हॉल्व्ह-ट्यूब’ या नावाने दुकानात मिळते. पंपाने हवा भरताना ती किंचित फुगून हवेला वाट देते आणि भरणे थांबताच आतील दाबाने छिद्रावर घट्ट बसते.

उन्हाने व कालांतराने व्हॉल्व्ह-ट्यूब कडक होऊन चिरते. मग हवा हळूहळू निघते आणि पंक्चर झाल्याचा समज होतो. चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणावा व पाण्याने भरलेल्या वाटीत बुडवावा. बुडबुडे आल्यास दोष व्हॉल्व्हचा असतो. अशा वेळी टायर उघडण्याचेही कारण नसते. ट्यूबच्या किमतीच्या अल्पांशात मिळणारा हा तुकडा बदलला की काम होते. ट्यूबवर होणारा अनावश्यक खर्च टाळण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.

नव्या गिअरच्या सायकलींना बहुधा मोटारसायकलीसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरील हवेचे यंत्र त्यास थेट लागते. मात्र सायकलीच्या ट्यूबमध्ये हवेचे आकारमान कमी असल्याने अशा यंत्राने दाब क्षणार्धात मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून थोडी थोडी हवा भरावी. शर्यतीच्या सायकलींना प्रेस्टा हा अरुंद व्हॉल्व्ह असतो. त्यासाठी रिमचे छिद्रही लहान असते.

मापे

ट्यूबचे माप टायरच्या बाजूवर छापलेले असते आणि ट्यूब घेताना तेच सांगावे. सायकलीच्या सांगाड्याची उंची (उदा. २२ इंची सायकल) आणि चाकाचे माप या भिन्न गोष्टी आहेत, त्यांची गल्लत केल्यास चुकीची ट्यूब हाती येते.

जिल्ह्यात सर्वत्र दिसणाऱ्या पुरुषी बनावटीच्या काळ्या सायकलीचा टायर २८ × १ १/२ या मापाचा असतो. मुलींच्या साध्या सायकलींना बहुधा २६ × १ ३/८, तर जाड टायरच्या सायकलींना २६ × १.९५ किंवा २६ × २.१२५ हे माप असते. लहान मुलांच्या सायकली १२, १४, १६, २० व २४ इंचांत येतात.

दोन टायरांवर ‘२६’ हा आकडा असला तरी ते एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. २६ × १ ३/८ या टायरचा रिमवरील व्यास ५९० मिलिमीटर, तर २६ × १.९५ याचा ५५९ मिलिमीटर असतो. त्यामुळे टायरवर दिलेले मिलिमीटरमधील माप (उदा. ३७-५९०) अधिक विश्वसनीय मानावे. यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमवरील व्यास दर्शवतो.

रबर ताणले जात असल्याने लहान ट्यूब मोठ्या चाकात बसवता येते व अडचणीच्या वेळी तसे केलेही जाते. परंतु ताणलेले रबर पातळ होते आणि लवकर छिद्रते. याउलट मोठी ट्यूब लहान टायरात कोंबल्यास तिला घडी पडते व घडीच्या जागी ती कापली जाते.

खरेदी

स्वस्त ट्यूब म्हणजे सर्वांत कमी किमतीची ट्यूब नव्हे; जी अधिक काळ टिकते व अधिक वेळा दुरुस्त करता येते, ती खऱ्या अर्थाने स्वस्त होय. खरेदी करताना पुढील बाबी दुकानातच पाहता येतात.

१. ट्यूबवर माप, उत्पादकाचे नाव व शक्यतो मानक चिन्ह स्पष्ट छापलेले असावे.
२. टोकांचा जोड सपाट असावा. बोटाने चाचपल्यास तेथे उंचवटा किंवा सुटलेली कड लागू नये.
३. व्हॉल्व्हचा बुंधा किंचित वाकवून पाहावा. तेथे फट दिसल्यास ट्यूब घेऊ नये.
४. घडी उलगडून रबर थोडे ताणावे. घडीच्या रेषेवर बारीक भेगा दिसल्यास माल जुना आहे असे समजावे.
५. ट्यूबमध्ये तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरून पाहावी. एखादी जागा इतरांपेक्षा अधिक फुगत असल्यास तेथील रबर पातळ असते.

सायकलीच्या टायर व ट्यूबवर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा ५ टक्के दर लागू झाला. नवी ट्यूब बसवल्यावर दुकानदाराने उतरवलेली जुनी ट्यूब मागून घ्यावी. तीत एखादेच छिद्र असेल तर दुरुस्त करून ती राखीव ठेवता येते.

धाराशिव जिल्ह्यातील पंक्चरची कारणे

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी असे आठ तालुके असलेला हा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरात वसलेला असून अवर्षणप्रवण आहे. कमी पावसाच्या माळरानावर काटेरी झाडे अधिक तग धरतात. पंक्चरचे प्रमुख कारण तेच होय.

बाभूळ, हिवर, बोर व वेडी बाभूळ यांचे काटे कठीण असतात. शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या व बोरीच्या फांद्या तोडून ओढत नेल्या जातात. त्यांतील मोडलेले काटे पाणंद रस्त्यावर व गाडीवाटेच्या चाकोरीत पडून राहतात. सायकलस्वार नेमका त्याच चाकोरीतून जात असतो.

सराटा (गोखरू) ही जमिनीवर पसरणारी लहान वनस्पती त्याहूनही उपद्रवी असते. तिचे फळ वाळल्यावर त्याचे पाच भाग सुटे होतात व प्रत्येक भागाला कठीण काटे असतात. तो कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. पावसाळा संपून गवत वाळू लागले की हे काटे पायवाटांवर विखुरतात. एकाच टायरात एका वेळी अनेक काटे रुतणे ही या दिवसांतील नेहमीची गोष्ट आहे.

महामार्गावरील कारण वेगळे आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग (क्र. ५२) तुळजापूर, धाराशिव, येडशी व येरमाळा यांवरून, तर पुणे-हैदराबाद महामार्ग (क्र. ६५) नळदुर्ग व उमरगा यांवरून जातो. अवजड वाहनांच्या फुटलेल्या टायरांमधील केसासारख्या पोलादी तारा अशा रस्त्यांच्या कडेला पडलेल्या असतात. त्या टायरात शिरल्यावर डोळ्यांना दिसत नाहीत आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होत राहते.

चौथे कारण हवेच्या कमतरतेचे आहे. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या अथवा दगडाच्या कडेवर आदळले की ट्यूब टायर व रिम यांमध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. मागे कॅरिअरवर दुसरी व्यक्ती किंवा पोते असल्यास हा धोका वाढतो.

उन्हात उभी केलेली सायकल आपोआप फुटते, असाही समज आहे. उन्हाने दाब वाढतो हे खरे. पण ५० पीएसआय दाबाची हवा २५ अंश सेल्सिअसवरून ५५ अंशांपर्यंत तापली तरी दाबात सुमारे ६ ते ७ पीएसआय इतकीच भर पडते. सुस्थितीतील टायर व ट्यूब ती सहज सोसतात. उन्हात फुटणाऱ्या ट्यूबमागे बहुधा टायरची चिरलेली बाजू, नीट न बसलेला टायर किंवा सुटू पाहणारे जुने ठिगळ असते. म्हणून अशा वेळी केवळ ट्यूब बदलणे पुरेसे नसते.

छिद्रावरून कारण ओळखणे

छिद्राची जागा व आकार यांवरून कारण बहुधा कळते. टायरकडील बाजूस एकच बारीक छिद्र असल्यास काटा, खिळा वा तार हे कारण असते. रिमकडील बाजूस छिद्र असल्यास रिमपट्टी सरकून स्पोकचे टोक उघडे पडलेले असते. शेजारी शेजारी दोन चिरा हवेची कमतरता दर्शवतात. व्हॉल्व्हच्या बुंध्याशी फाटल्यास, कमी हवेमुळे टायर रिमवर सरकून ट्यूब ओढली गेली असण्याचा संभव असतो.

पंक्चर काढण्याची पद्धत

या कामासाठी टायर उतरवण्याच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्यूशनची नळी, ठिगळे, पंप व घमेलेभर पाणी एवढे साहित्य लागते. पट्टीऐवजी टोकदार पेचकस वापरल्यास टायर उतरवतानाच ट्यूबला नवे छिद्र पडू शकते.

प्रथम उरलेली हवा सोडून टायरची एक कड रिमबाहेर काढतात. ट्यूब बाहेर घेण्यापूर्वी ती टायरात कोणत्या दिशेने बसली होती हे लक्षात ठेवावे. व्हॉल्व्हपासून छिद्र जितक्या अंतरावर सापडते, तितक्याच अंतरावर टायरात काटा शोधता येतो.

मग ट्यूब थोडी फुगवून भाग भाग करून पाण्यात बुडवतात. बुडबुडे दिसताच ती जागा खुणेने निश्चित करतात. एक छिद्र सापडले तरी संपूर्ण ट्यूब तपासणे आवश्यक असते; सराट्यांच्या दिवसांत तर ते टाळूच नये.

छिद्राभोवतीचा भाग पूर्ण कोरडा करून ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या क्षेत्रावर पॉलिश पेपर घासतात. यामुळे रबरावरील गुळगुळीत, मळकट थर निघून जातो. त्यावर सोल्यूशनचा पातळ थर लावून तो काही मिनिटे वाळू देतात. सोल्यूशन ओले असताना ठिगळ लावणे हे ठिगळ सुटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. थर बोटाला लागत नाही इतका वाळल्यावर ठिगळ बसवून मधून कडेकडे जोराने दाबतात. कडेला उरलेल्या चिकट भागावर शंखजिऱ्याची पूड लावतात, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

याहून महत्त्वाची पायरी म्हणजे काटा काढणे. टायरच्या आतील बाजूवरून बोटे अथवा कापडाचा बोळा सावकाश फिरवावा; कापडाचे धागे जेथे अडकतात तेथे काटा किंवा तार असते. बोटे फिरवताना जखम होण्याचा संभव असल्याने कापड वापरणे बरे. काटा टायरात राहिल्यास दुरुस्त केलेली किंवा अगदी नवी कोरी ट्यूबही काही अंतरातच पुन्हा पंक्चर होते आणि दोष उगाच ट्यूबच्या दर्जाला दिला जातो.

शेवटी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती टायरात बसवतात, म्हणजे तिला पीळ पडत नाही. टायरची शेवटची कड शक्यतो हातानेच चढवावी. टायर व रिम यांमध्ये ट्यूब कोठे अडकली नाही हे दोन्ही बाजूंनी पाहून मगच पूर्ण हवा भरावी.

ठिगळ की नवी ट्यूब?

नीट लावलेले ठिगळ ट्यूबइतकेच टिकू शकते. त्यामुळे केवळ ठिगळांची संख्या वाढली म्हणून ट्यूब टाकून देण्याचे कारण नाही. मात्र व्हॉल्व्हच्या बुंध्याशी किंवा जोडावर छिद्र असल्यास, लांब चीर गेली असल्यास अथवा रबर चिकट वा ठिसूळ झाले असल्यास नवी ट्यूब घेणेच हितावह असते.

खर्चाचा विचार उदाहरणाने स्पष्ट होईल. एका पंक्चरची मजुरी २० रुपये व ट्यूबची किंमत १२० रुपये धरल्यास सहा पंक्चरांचा खर्च नव्या ट्यूबएवढा होतो. परंतु टायर झिजून त्याचे धागे दिसू लागले असतील तर नवी ट्यूब घेऊनही पंक्चर थांबत नाहीत. तेथे खर्च टायरवर करणे योग्य ठरते. तसेच घरीच पंक्चर काढल्यास सोल्यूशनची एक नळी अनेक पंक्चरांना पुरते आणि दर वेळचा खर्च अत्यल्प राहतो.

शाळकरी मुलींच्या सायकली

महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल खरेदीसाठी अनुदान दिले जाते. २०२२ मध्ये या अनुदानाची रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. धाराशिव जिल्ह्याचा केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही २०१८ पासून समावेश आहे.

हे अनुदान सायकल घेण्यासाठी एकदाच मिळते. पुढील देखभाल कुटुंबाला करावी लागते. गावात पंक्चरचे दुकान नसल्यास सायकल तालुक्याच्या गावी किंवा फाट्यावर नेण्यासाठी घरातील कोणाला तरी वेळ काढावा लागतो, आणि तोवर मुलीला ५ किलोमीटर पायी जावे लागते किंवा घरी राहावे लागते. सुगीच्या दिवसांत ही वाट पाहणे लांबते. पंक्चर नेमके याच दिवसांत वाढत असल्याने एका काट्यापायी शाळेचे अनेक दिवस बुडू शकतात.

पंक्चर काढण्यास विशेष बळ लागत नाही. आठवीतील विद्यार्थिनी ते एक-दोन वेळा पाहून स्वतः करू शकते. शाळेत एक पंप, दोन पट्ट्या व सोल्यूशनची पेटी ठेवल्यास अनेक सायकलींची सोय होते. कार्यानुभव या विषयाच्या तासाला हे काम शिकवणे सहज शक्य आहे.

प्रतिबंध

टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा राखणे हा पंक्चर टाळण्याचा बिनखर्ची उपाय आहे. हवा आठवड्यातून एकदा तपासावी. काटेरी वाटेवरून आल्यावर टायरवर नजर टाकून वरवर रुतलेले काटे लगेच काढावेत. काटा फिरत फिरत आत जाण्यास बराच वेळ घेतो. काटा ट्यूबपर्यंत गेल्याची शंका असल्यास तो घरी पोहोचल्यावरच उपटावा, कारण कधी कधी तोच छिद्राला बूच म्हणून उपयोगी पडतो.

टायर व ट्यूब यांमध्ये घालण्याची काटेरोधक पट्टी बाजारात मिळते. टायरला चीर असल्यास तेथे आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा बसवतात. मात्र तुकड्याच्या कडा घासून निमुळत्या न केल्यास त्यांनीच ट्यूब कापली जाते. हवेविना चालणारे भरीव टायरही उपलब्ध आहेत. त्यांना पंक्चर होत नाही, परंतु ते जड असतात आणि खडबडीत रस्त्यावर धक्के अधिक बसतात.

टाकाऊ ट्यूबचा उपयोग

दुरुस्तीपलीकडे गेलेली ट्यूब ग्रामीण भागात सहसा वाया जात नाही. तिच्या पट्ट्या कॅरिअरवर ओझे बांधण्यासाठी, पाइपचा गळका सांधा आवळण्यासाठी व बेचकीसाठी वापरल्या जातात. चांगल्या भागातून पंक्चरची ठिगळेही कापली जातात. रबर जाळल्याने विषारी धूर होतो. म्हणून टाकाऊ ट्यूब चुलीत किंवा शेकोटीत घालू नये.

हे सुद्धा पहा

सायकल
टायर
रबर
गोखरू
वेडी बाभूळ
धाराशिव जिल्हा